ऐकण्याचे पंधरा दिवस

करडवाडीच्या अंगणवाडीत गेल्या तीन महिन्यांत एकही मूल रडलं नव्हतं, आणि वैजयंता बिरनाळेला नेमकं तेच खटकत होतं.

पंचवीस वर्षं ती ही अंगणवाडी चालवत होती. चार वर्षांचं मूल म्हणजे काय चीज असते, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. ते रडतं, चावतं, दुसऱ्याच्या ताटलीतलं उचलतं, भलत्या वेळी भलतं विचारतं आणि उत्तर मिळेपर्यंत पदर सोडत नाही. यंदाची सव्वीस पोरं मात्र हसत येत, हसत बसत आणि खिचडीचा घास तोंडात घालण्याआधी मान तिरकी करून विचारत, "बाई, तांदळाला पांढरा रंग कोण देतं?" आया खूश होत्या. सरपंचानं तर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवलं होतं की आमच्या गावची मुलं प्रश्न विचारतात. वैजयंता तेवढी घुश्श्यात होती. तिचा स्वभावच मुळी तसा. दूधवाल्यानं एखाद्या दिवशी दूध जरा दाट घातलं, तरी ती पातेल्यात वाकून बघत म्हणायची, "ह्याचं आज काय काम अडलंय आपल्याकडं?"

सगळ्यात जास्त संशय तिला होता गडूवर.

गडू म्हणजे जिज्ञासा संच. पुण्याच्या एका संस्थेनं तो बनवला होता आणि जूनमध्ये तालुक्यातल्या एकाच अंगणवाडीला, म्हणजे करडवाडीला, दिला होता. पितळी गडूएवढाच, तसाच पोटाला फुगीर आणि गळ्याशी निमुळता, म्हणून पोरांनी त्याला पहिल्याच दिवशी गडू म्हटलं. तो बसवायला अर्शिया तांबोळी नावाची कोल्हापूरची तरुण इंजिनिअर आली होती. चटईवर मांडी घालून तिनं सगळं नीट समजावून सांगितलं होतं.

माणसाला एखाद्या गोष्टीचं खरोखर कुतूहल वाटलं की त्याच्या डोळ्याची बाहुली क्षणभर मोठी होते. श्वास किंचित अडतो, मान पुढं येते. त्याच वेळी मेंदूच्या तळाशी असलेल्या काही पेशी डोपामिन नावाचं रसायन सोडतात आणि आठवणी साठवणारा भाग जागा होतो. त्या चार-सहा सेकंदांत जे कानावर पडतं, ते मेंदू घट्ट धरून ठेवतो. अडचण एवढीच होती की सव्वीस पोरांच्या बावन्न बाहुल्यांवर एका बाईनं नजर कशी ठेवायची? ते काम गडूचं. त्याच्या पोटाभोवती आठ बारीक कॅमेरे होते. पोराची बाहुली फुलली की दोन सेकंदांच्या आत गडू हळदीच्या रंगात उजळायचा, त्या पोराला नावानं हाक मारायचा, थोडंसं सांगायचा आणि वर एक उलटा प्रश्न टाकायचा. मी विचारलं म्हणून उजेड पडला, असं पोराला वाटायचं. दुसऱ्या दिवशी ते दोनदा विचारायचं.

"म्हणजे पोरांस्नी विचारायची सवयच लावायची," वैजयंता म्हणाली होती.

"सवय न्हाई बाई, गोडी," अर्शिया म्हणाली होती. "फक्त पहिले पंधरा दिवस तो उजळणार न्हाई. नुसता ऐकत बसेल. प्रत्येक गावचं वळण वेगळं असतं, ते त्याला कळायला पायजे. त्या दिवसांत तुम्ही नेहमीसारखंच वागा."

हे सगळं ऐकायला फार छान होतं. वैजयंताला छान गोष्टींची पहिल्यापासूनच धास्ती वाटायची.

तिचा संशय पक्का झाला तो ऑक्टोबरातल्या एका रविवारी. त्या सकाळी सन्मतीचा फोन आला. सन्मती म्हणजे वैजयंताची एकुलती एक मुलगी. नवऱ्यानं दुसरं घर केल्यावर ती आपल्या चिमुरडीला, इरूला, घेऊन माहेरी आली आणि मे महिन्यात लांब होसूरच्या एका बॅटरीच्या कारखान्यात नोकरी धरून एकटीच निघून गेली. जाताना मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्यात कोण काय बोललं हे वैजयंता कुणाला सांगत नसे. 'पोटच्या पोरीला टाकून गेली', एवढंच सांगे.

सुरुवातीला फोन आला की इरू तो दोन्ही हातांनी धरायची आणि एकच घोशा लावायची, "आई, कधी येणार? आज येणार?" फोन बंद झाला की दिवसभर तोच प्रश्न आजीच्या मागं घेऊन फिरायची. अंगणवाडीत आजीच बाई, घरी आजीच आजी, त्यामुळं वैजयंताला कुठंच सुटका नव्हती. शेवटी जुलैच्या शेवटी तिनं सन्मतीला बजावलं, पोर सैरभैर होतं, दोन-अडीच महिने फोन करू नकोस. इरूनंही मग हळूहळू विचारणं सोडलं. वैजयंताला हायसं वाटलं होतं. पोरगी रुळली, असं ती मदतनीस मालनला अभिमानानं सांगत होती.

आता पडद्यावर सन्मतीचा चेहरा आला. ती वाळली होती. "इरू," ती म्हणाली.

इरूनं मान तिरकी केली. चेहरा हसरा. "आई, फुलाला वास कुठनं येतो?"

सन्मती हसली, डोळे पुसले. "वास होय? फुलातच एक तेल असतं बाळा, ते..."

"आई, इंद्रधनुष्य कोण रंगवतं?"

"थांब की, आधीचं सांगते ना. ते तेल..."

पण इरू उठली होती. "टाटा आई," ती तशीच हसत म्हणाली आणि अंगणात ठोकळे रचायला गेली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

मग सन्मती म्हणाली, "आई, तिनं मला विचारलंच न्हाई कधी येणार म्हणून."

"बारकी हाय अजून. विसरतात पोरं."

"तू काय शिकवलंस तिला?"

"मी? मी कशाला काय शिकवू?"

"दिवाळीत मी तिला न्यायला येणार होते. खोली बघितलीया. कारखान्यात पाळणाघर हाय." सन्मतीचा आवाज फुटला. "पण ती येईल का गं आता माझ्याबरोबर?"

वैजयंता चरकली. आणि खरं सांगायचं तर त्याच्या मागोमाग थोडं बरंही वाटलं. इरू गेली नाही तर घर भरलेलं राहणार होतं. त्या बरं वाटण्याची तिला इतकी लाज वाटली की तिनं तडक फोन ठेवून दिला. मग अंगणातल्या इरूकडं ती बघत राहिली. पोर आईला विसरलेली नव्हती. तिनं आईला ओळखलं होतं, आई म्हटलं होतं. नेमका एक प्रश्न तेवढा तिच्या तोंडातून कुणीतरी काढून घेतला होता. कुठंतरी पाणी मुरत होतं.

सोमवारी वैजयंतानं तपासाला सुरुवात केली. पहिली पाळी मालनची. मालन पंधरा वर्षांपासूनची जुनी मदतनीस, खिचडी शिजवणारी, पोरांची नाकं पुसणारी.

"इरूला तूच काहीतरी सांगितलंस व्हय गं? आईचं नाव काढू नको म्हणून?"

मालननं हातातला झारा पातेल्यावर आपटला. "ओ बाई, डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं? त्या लेकराच्या आईचा इषय काढला की तुमीच फुगून बसताय चार चार दिस. मी कशाला त्या भानगडीत पडू?"

वैजयंताला हे उत्तर झोंबलं, पण पटलंही. मग तिनं मोर्चा गडूकडं वळवला. दोन दिवस ती धान्याच्या कोठीआड स्टूल टाकून बसली. हा पोरांच्या कानात गुपचूप काही सांगतो का, पोरांना दमात घेतो का, हे तिला बघायचं होतं. गडूनं काहीच केलं नाही. तो आपला उजळत होता, गोड बोलत होता. तिसऱ्या दिवशी तिनं त्याच्यावर मोठं पातेलं पालथं घातलं. पोरं पातेल्याकडं तोंड करून बसली आणि तसंच हसून तेच प्रश्न विचारत राहिली. पातेल्याच्या कडेखालून हळदी उजेडाची एक रेघ मात्र मधूनमधून चमकत होती. गडूला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

मग पालीची गोष्ट घडली. सकाळी मालन झाकण विसरली आणि पाण्याच्या पिंपात पाल पडली. एरवी अशा वेळी अंगणवाडीत दंगल उसळली असती. पाल कशी पडली, मेली काय, तिला पोहायला येतं काय, आता ते पाणी कोण पिणार, अशी दुपारपर्यंत बाईंच्या डोक्याची भाजी झाली असती. सव्वीस पोरं पिंपाभोवती गोळा झाली आणि वाकून वाकून बघू लागली. त्यांच्या बाहुल्या केवढ्या मोठ्या झाल्या होत्या, ते वैजयंताला कॅमेऱ्याशिवाय दिसत होतं. सम्यक नावाच्या पोरानं तोंड उघडलं. मग त्यानं वळून कोपऱ्यातल्या गडूकडं पाहिलं. गडू विझलेलाच होता. सम्यकनं तोंड मिटलं, थोडा वेळ थांबला आणि हसून म्हणाला, "बाई, आभाळ निळं का असतं?"

गडू उजळला. "वा, सम्यक!"

बाकीची पोरंही पिंप सोडून गडूभोवती जमली. पिंपापाशी एकटी वैजयंता उरली.

त्याच दुपारी पर्यवेक्षिका देशिंगे मॅडम आल्या. हाताखाली तीस अंगणवाड्या, सतत घाईत, पण माणूस वाईट नाही. वैजयंतानं त्यांना पालीचं सगळं सांगितलं.

"मग?" मॅडम म्हणाल्या. "मुलं घाबरली नाहीत, किंचाळली नाहीत. आनंदी आहेत, प्रश्न विचारतात. बाई, तुम्हाला नेमकं दुखतंय कुठं?"

"मॅडम, ती पालीबद्दल विचारत न्हाईत."

"पालीबद्दल काय विचारायचंय?" मॅडमनी पर्स उघडून कागद काढला. "हे बघा, पेढे वाटायची बातमी आहे. संस्थेचे लोक गुरुवारी येणार, चित्रीकरण करणार. अख्ख्या जिल्ह्यात चारशे संच बसतायत. प्रत्येक ठिकाणी पुन्हा पंधरा दिवस ऐकत बसायला वेळ नाही, म्हणून करडवाडीच्या गडूचंच शिकलेलं सगळं त्या चारशेंमध्ये भरणार. तुमच्या अंगणवाडीचं नाव होणार बाई! जरा हसा की."

वैजयंता हसली नाही. मॅडम गेल्यावर तिनं अर्शियाला फोन केला. संचात बिघाड झालाय, असं चक्क खोटं सांगितलं, कारण खरं सांगितलं असतं तर कुणी आलं नसतं.

अर्शिया बुधवारी सकाळी आली. पोरं बाहेर मालनबरोबर खेळत होती. तिनं गडू टॅबलेटला जोडला, दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "बाई, ह्यात काय बिघाड न्हाई. एकदम ठणठणीत हाय."

"ठणठणीत हाय तर मग माझ्या नातीच्या तोंडातनं तिच्या आईचं नाव काढलं कुणी?" वैजयंताचा आवाज चढला. "तुमच्या पुण्याच्या लोकांनी काय भरलंय ह्याच्यात? कुठले प्रश्न विचारायचे न् कुठले न्हाईत, हे कोण ठरवतं?"

अर्शियानं तिच्याकडं बघितलं. "पुण्याच्या लोकांनी काहीच भरलेलं न्हाई. ते कोरं असतं. चांगला प्रश्न कुठला, हे आम्ही न्हाई ठरवत. उद्या आमच्यापैकी कुणी आपलंच घोडं पुढं दामटायला नको, म्हणून मुद्दामच तसं केलंय."

"मग कोण ठरवतं?"

"तुम्ही."

वैजयंताला वाटलं पोरगी चेष्टा करतेय. पण अर्शिया शांतपणे सांगत होती. लहान मूल जगाबद्दलचं आपलं मत स्वतः बनवत नाही. ज्या माणसावर त्याचा विश्वास असतो, त्याच्या तोंडाकडं बघून बनवतं. मूल काही विचारतं आणि त्या माणसाचा आवाज मऊ होतो की कोरडा पडतो, तेवढ्यावर ते ठरवतं की हे विचारणं चांगलं की वाईट. म्हणून गडूही पहिले पंधरा दिवस तेच ऐकत होता. कुठलं मूल काय विचारतंय आणि त्यावर बाईंचा आवाज कसा होतोय. जिथं बाईंचा आवाज उबदार झाला, तिथं सोळाव्या दिवसापासून त्यानं उजेड पाडला. जिथं तो गार पडला, तिथं तो विझून राहिला. दिवसाचे चार तास, आठवड्याचे सहा दिवस, एकदाही न थकता, न चुकता.

"माणूस कधीतरी विसरतो," अर्शिया म्हणाली. "आज रागावतो, उद्या जवळ घेतो. ह्याला ते येत न्हाई."

तिनं टॅबलेट पुढं सरकवला. पडद्यावर दोन याद्या होत्या. डावीकडची उबदार, उजवीकडची गार. डावीकडं बारा प्रश्न होते. फुलाला वास कुठून येतो? इंद्रधनुष्य कोण रंगवतं? आभाळ निळं का? तांदळाला पांढरा रंग कोण देतं? वाचता वाचता वैजयंताचे कान तापले. हे बारा प्रश्न पोरांचे नव्हतेच. ते तिनं स्वतः, एका दुपारी, वहीत लिहून काढले होते, आणि पंधरा दिवस सरल्यावर विसरूनही गेली होती.

झालं होतं असं. नेहमीसारखं वागा, असं अर्शिया सांगून गेली होती खरी. पण सरकारी कामात पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला कुणीतरी बघत असताना नेहमीसारखं वागणं म्हणजे काय, हे ठाऊकच नव्हतं. वरिष्ठांची भेट ठरली की आदल्या दिवशी पोरांकडून गाणी घोकून घ्यायची, रडणाऱ्याला मालनबरोबर मागच्या अंगणात धाडायचं, आगाऊ पोरांवर डोळे वटारून त्यांना हाताची घडी, तोंडावर बोट करून बसवायचं, हीच रीत होती. तिच्या लेखी गडू म्हणजे पंधरा दिवस मुक्कामाला आलेला साहेब. आणि साहेबाला कुतूहल बघायचं होतं. म्हणून यंदा गाण्यांऐवजी तिनं कुतूहल घोकून घेतलं. पोरानं प्रश्न बरोबर म्हटला की "शाब्बास रे माझ्या राजा!" असं तिनं भरभरून म्हटलं होतं. त्यात लबाडी नव्हती. पोरांचं नाव व्हावं, असं तिला मनापासून वाटत होतं, आणि आवाज खरोखरच मऊ झाला होता.

उजवीकडची यादी लांबलचक होती. मालनमावशीचा हात कशानं भाजला? बाई, तुमचं पातळ फाटलंय का? तांदळात अळ्या का हायत? सम्यकचा बाप त्याला का मारतो? आणि सगळ्यात वर, एकतीस वेळा आलेला एक प्रश्न. आई कधी येणार?

"नमुन्याला थोडे आवाज जपून ठेवलेले असतात," अर्शिया म्हणाली. "ऐकायचंय?"

वैजयंतानं मान डोलावली. अर्शियानं बोट टेकवलं. आधी इरूचा आवाज आला, जूनमधला, जरा बोबडा, दम लागलेला. "आज्जी, आई कधी येणार?" आणि मग एका बाईचा आवाज. त्यात राग नव्हता, ओरडणं नव्हतं. "खिचडी खा." दोनच शब्द. वैजयंतानं तो आवाज पूर्वी कधी बाहेरून ऐकला नव्हता. इतका कोरडा आवाज चार वर्षांच्या लेकरासमोर आपण काढला, आणि तोही एकतीस वेळा, यावर तिचा विश्वास बसेना. तिनं दुसरा नमुना लावायला सांगितला. तिसरा. चौथ्याला ती म्हणाली, "बास कर गं पोरी," आणि पदर तोंडाला लावून बसली.

इतके दिवस ती मालनवर संशय घेत होती, पुण्याच्या लोकांवर घेत होती, कोपऱ्यातल्या गडूवर घेत होती. आणि चोर तिच्याच गळ्यात बसला होता.

"हे पुसता येतं?" पदर खाली घेत तिनं विचारलं.

"येतं. सेविकेचा अंगठा लागतो. पुसलं की तो पुन्हा कोरा. पुन्हा पंधरा दिवस विझून ऐकत बसणार." अर्शिया अडखळली. "पण बाई, उद्या गुरुवार हाय. चित्रीकरणाला माणसं येणार. न् त्या चारशे संचात..."

"त्या चारशे संचात माझं 'खिचडी खा' भरणार हायत," वैजयंता म्हणाली. "कुठं लावू अंगठा?"

अर्शियानं क्षणभर विचार केला. तिचीही नोकरी होती. मग तिनं टॅबलेट पुढं केला आणि वैजयंतानं अंगठा दाबला. दोन्ही याद्या पडद्यावरून गेल्या.

"ह्यातलं गेलं," अर्शिया वायरी गुंडाळत म्हणाली. "पोरांतलं न्हाई गेलं बाई. ते मला पुसता येत न्हाई. त्यांनी पुन्हा विचारायला पायजे, न् विचारल्यावर समोरच्या माणसाचा आवाज खरोखर मऊ व्हायला पायजे. खोटा चालत न्हाई. गडूलासुद्धा खोटा कळतो, पोरांस्नी तर कळतोच."

अर्शियानं याद्यांसकट सगळं वर कळवलं, आणि देशिंगे मॅडमचा फोन पाऊण तासात आला. त्या काय काय बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. कारणे दाखवा नोटीस येईल, असं त्यांनी दोनदा सांगितलं. वैजयंतानं दोन्ही वेळा "व्हय मॅडम" म्हटलं. फोन ठेवताना मॅडम जरा थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, त्या यादीत... माझ्या भेटीच्या दिवसांचं पण होतं काय?" वैजयंता म्हणाली, "तुमच्या भेटींमुळंच तर घोकून घ्यायची सवय लागली, मॅडम."

दीड वाजता पोरं घरी गेली. मालन मागं भांडी घासत होती. इरू चटईवर एकटीच ठोकळे रचत बसली होती. वैजयंता तिच्यासमोर खाली बसली. गुडघे कटकन वाजले.

"आज्जी, इंद्रधनुष्य कोण रंगवतं?" इरूनं हसून विचारलं आणि सवयीनं कोपऱ्याकडं पाहिलं. गडू विझलेला होता. तिनं दुसरा प्रश्न काढला. "फुलाला वास कुठनं येतो?" तरी उजेड नाही. इरू गोंधळली.

"ते ऱ्हाऊ दे," वैजयंता म्हणाली. "इरू, आईची आठवण येती का गं?"

इरूच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण हातातला ठोकळा थांबला. तिनं पुन्हा गडूकडं बघितलं. मग आजीच्या तोंडाकडं. आधी डोळ्यांकडं, मग ओठांकडं, मग पुन्हा डोळ्यांकडं. एवढ्याशा पोरीच्या नजरेत एवढा संशय असू शकतो, हे वैजयंतानं कधी पाहिलं नव्हतं. तिनं तोंड फिरवलं नाही. काही समजावलंही नाही. नुसती बसून राहिली आणि पोरीला बघू दिलं.

"तू रागावणार न्हाईस?" इरूनं विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"न्हाई."

"खिचडी खा म्हणणार न्हाईस?"

वैजयंताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "न्हाई गं माझे बाय. कधीच न्हाई म्हणणार."

इरूनं ठोकळा खाली ठेवला. ती जरा पुढं सरकली. तिच्या चेहऱ्यावरचं ते तीन महिन्यांचं हसू आता गेलं होतं, आणि त्याखालचा चेहरा गंभीर होता, थोडा घाबरलेला, अगदी सन्मतीच्या लहानपणचा.

"आई तुझ्यावर रुसून गेली?"

वैजयंताला वाटलं होतं, ती विचारेल कधी येणार. त्याचं उत्तर तिनं तयार ठेवलं होतं, दिवाळीला. हा प्रश्न कुठल्याच यादीत नव्हता. पोरीनं तो पाच महिने मनात कुठं दडवून ठेवला होता कोण जाणे. इरूच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, श्वास थांबला होता. आता जे कानावर पडेल ते ती घट्ट धरून ठेवणार होती. आईला काम होतं, असं म्हटलं असतं तरी तेही राहिलं असतं. आई तुला टाकून गेली, हे तर गावाला सांगून सांगून तिच्या तोंडात बसलंच होतं.

"व्हय," वैजयंता म्हणाली. "माझ्यावरच रुसली ती. ती तुला संगट नेणार होती, इरू. तुझी पिशवीपण भरली होती तिनं. मीच न्हाई सोडलं तुला. न् तिला म्हटलं, जायचं तर एकटी जा, परत तोंड दावू नको."

ती वाट बघत राहिली. आता पोर रडेल, आपल्याला मारेल, किंवा उठून मालनकडं जाईल, असं तिला वाटलं.

"का?" इरूनं विचारलं.

वैजयंतानं तिला मांडीवर ओढून घेतलं आणि सांगायला लागली. घरात एकटीला कशी भीती वाटते ते सांगितलं, आपण किती हट्टी आहोत ते सांगितलं. इरूनं तिला मध्ये सतरा वेळा अडवलं. आईची पिशवी कुठल्या रंगाची होती? आई रडली? तू पण रडलीस? मोठी माणसं भीत्यात? मग एकदम थांबून तिनं आजीच्या कमरेला खोचलेला फोन ओढून काढला आणि तिच्या हातात दिला.

"आईला लाव. मला तिला पण विचारायचंय."

वैजयंतानं फोन लावला.